विष सापडलं नाही तरी फाशी, सापडलं तरी निर्दोष

प्रश्न असा आहे : "रामन राघव, जोशी-अभ्यंकर अशा गाजलेल्या खुनांचा छडा लावणारे अधिकारी पडद्यावर दाखवतात तसे खरंच होते का? आमच्या मामांचा खून कोणी केला हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पोलिसांनाही ठाऊक होतं, तरी चौघेही निर्दोष सुटले. त्या जुन्या अधिकाऱ्यांपैकी कोणी असता तर निकाल वेगळा लागला असता का?"

तीस वर्षांहून जास्त काळ मी सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणून उभा राहिलो. मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. ते टाळायचं नाहीये, पण आधी दोन-तीन जुने खटले समोर असल्याशिवाय माझं म्हणणं तुम्हाला नुसतं वकिली वाटेल.

रामन राघवपासून सुरू करू. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वे लाइनच्या कडेला, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले, त्यातले ९ दगावले. त्या वेळी आसपास संशयास्पद फिरताना जे लोक उचलले, त्यात हा होता. दरोड्याची शिक्षा भोगून आलेला माणूस, म्हणजे संशयाला जागा भरपूर. पण हातात काही नव्हतं, सोडून द्यावं लागलं. १९६८ मध्ये उत्तर उपनगरांत पुन्हा तेच सत्र सुरू झालं. लोक रात्री जागून पहारे द्यायला लागले, कुणाही अनोळखी माणसाला धरून बडवायला लागले. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती, क्राइम ब्रँचचे उपायुक्त. आज सगळे त्यांचंच नाव घेतात आणि ते योग्यच आहे. पण २७ ऑगस्ट १९६८ ला रस्त्यावरच्या गर्दीतून त्या माणसाला ओळखून थांबवणारा होता अ‍ॅलेक्स फियालो नावाचा उपनिरीक्षक. जुना फोटो आणि वर्णन त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

झडतीत काय मिळालं बघा : एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि काहीतरी आकडेमोड केलेले दोन कागद. अंगातल्या बुशशर्टावर आणि खाकी चड्डीवर रक्ताचे डाग, बूट चिखलाने भरलेले. त्याने नाव सांगितलं सिंधी दलवाई. बोटांचे ठसे घेतले आणि ब्युरोतल्या जुन्या पत्रिकेशी ते जुळले : रामन राघव ऊर्फ सिंधी दलवाई.

त्याने कोंबडी मागितली, पोटभर खाल्ली आणि मग बोलायला लागला, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. खराच आहे तो. ४१ खून त्याने कबूल केले. पण वकिलाच्या नजरेला त्या कोंबडीपेक्षा ती ठशांची पत्रिका मोठी दिसते. आधीच्या अटकेच्या वेळी कुण्या हवालदाराने शाईचा रूळ फिरवून नीट दहा बोटं उमटवून घेतली होती, आणि कुण्या कारकुनाने ती पत्रिका योग्य खणात ठेवली होती. त्या दोघांची नावं कुणालाही माहीत नाहीत.

कबुलीबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तुमच्या गावातही "पोलिसांसमोर कबूल केलं होतं की!" असं म्हणणारे असतील. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुराव्यात चालत नाही. पुरावा कायद्याचं जुनं कलम २५ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. कबुली चालायची असेल तर ती मॅजिस्ट्रेटसमोर हवी, आरोपीला विचार करायला वेळ देऊन, "कबुली द्यायचं तुमच्यावर बंधन नाही" असं सांगून घेतलेली. याला एकच मोठा अपवाद, जुनं कलम २७. आरोपीने सांगितलं, "कोयता मी विहिरीच्या काठी पुरलाय, चला दाखवतो," आणि तिथे खरंच कोयता निघाला, तर त्या वाक्याचा तेवढाच तुकडा पुराव्यात येतो. "त्याच कोयत्याने मी मारलं" हा तुकडा येत नाही. महाराष्ट्रातले निम्मे खुनाचे खटले या एका कलमावर तरतात, निम्मे याच कलमावर बुडतात. (आकडा मोजलेला नाही, तीस वर्षांचा अंदाज आहे.)

रामन राघवला फाशीची शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं, त्यांना तो मनोरुग्ण आढळला, शिक्षा जन्मठेपेवर आली. येरवड्यात असताना १९९५ मध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन तो ससूनमध्ये वारला.

आता ज्या खटल्यामुळे हे सगळं लिहायचा उत्साह आला, तो सांगतो. वकिलीच्या पहिल्या वर्षी आमच्या सीनिअरांनी माझ्यापुढे निकालाचं एक जाड पुस्तक सरकवलं आणि म्हणाले, "आधी हे वाच, मग माझ्याशी पुराव्याबद्दल बोल." अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. खून नेमका कशाने झाला हे आजही कुणी सांगू शकत नाही, असा हा खुनाचा खटला आहे.

पुण्यात शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाची सधन विधवा राहायची. मधुमेह, आधी क्षयही होऊन गेलेला. तिच्याच वाड्यात डॉ. लागू भाडेकरू होते आणि तिच्यावर औषधोपचारही तेच करायचे. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून दोघं पॅसेंजर गाडीने निघाले. पहाटे पाचच्या सुमारास गाडी व्हीटीला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होती. स्टेशनाला लागूनच सेंट जॉर्ज रुग्णालय. डॉक्टरांनी टॅक्सी केली आणि तिला नेलं जी.टी. रुग्णालयात. तिथल्या कागदावर नाव लिहून दिलं ते लक्ष्मीबाई कर्वे नव्हे. इंदुमती, आणि आडनावही दुसरंच. गाडीत अचानक शुद्ध हरपली अशी हकीकत दिली. सकाळी साडेअकराच्या सुमारास बाई गेली.

रुग्णालयातल्या एका मानद डॉक्टरांना ही लक्षणं पटली नव्हती, त्यांनी शवविच्छेदन करायला सांगितलं होतं. ते त्या वेळी झालं नाही. कारण नोंदलं गेलं मधुमेहाची मूर्च्छा. पुण्याला लागूंच्या नावे तार गेली : इंदुमती वारली, प्रेत हलवण्याची व्यवस्था करा, ताबडतोब उत्तर द्या. उत्तर आलं की बाईच्या भावाला कळवलं आहे, तो येईल. असा कुणी भाऊ नव्हताच. बेवारस म्हणून प्रेत ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या शवविच्छेदनासाठी गेलं. तिथल्या एका हमालाला मानेवर वण दिसला, त्याने वर सांगितलं आणि मग कुठे २३ नोव्हेंबरला, मृत्यूनंतर दहा दिवसांनी, पोलीस सर्जनकडून रीतसर तपासणी झाली. गळा आवळल्याचा प्रकार नाही असं निघालं. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक विश्लेषकाकडे गेला. विष आढळलं नाही.

तुम्ही बचावाचे वकील असता तर इथे फाइल मिटून हसला असता.

पण मग बाईची पत्रं यायला लागली. मेलेल्या बाईची. नातेवाइकांना, ओळखीच्यांना. मी यात्रेला गेले आहे. मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे. आम्ही जयपूरजवळ राठोडीला राहतो, माझी काळजी करू नका. आणि इकडे शेअर, बँकेतली रक्कम, घरातल्या वस्तू एकेक करून डॉक्टरांकडे सरकत होत्या, तिच्या सह्यांच्या कागदांवर. नातेवाइकांना शंका आली, त्यांनी अर्ज करायला सुरुवात केली, पाठपुरावा सोडला नाही. १९५८ मध्ये अटक झाली. म्हणजे दीड वर्ष जवळजवळ. तोवर प्रेत नाही, विष नाही, प्रत्यक्षदर्शी नाही. पोलिसांच्या हाती काय होतं? जी.टी.चा केसपेपर, तारेची प्रत, भावाबद्दलचं ते उत्तर, पोस्टाचे शिक्के असलेली पत्रं, बँकेची आणि कंपन्यांची रजिस्टरं. या खटल्यातले खरे तपासी अंमलदार म्हणजे ते चिकट नातेवाईक आणि आपापलं रजिस्टर इमानाने भरणारे लोक, असं माझं मत आहे.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९५९ मधला, दोन विरुद्ध एक, फाशी कायम. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. मांडणी साधीच : काही विषं मागमूस ठेवत नाहीत, म्हणून विष सापडलंच पाहिजे असा हट्ट धरला तर हुशार विषप्रयोग करणाऱ्याला कधीच शिक्षा होणार नाही, तेव्हा बाकीची परिस्थिती बघा. इतकी वर्षं उपचार करणारा डॉक्टर रुग्ण नैसर्गिकरीत्या मेली तर नातेवाइकांना कळवेल की तिच्या नावाने पत्रं लिहील? जवळचं रुग्णालय टाळेल? नाव बदलून सांगेल? तिसरे न्यायमूर्ती ए. के. सरकार (हे आडनाव). त्यांचं म्हणणं असं की नंतरची सगळी लबाडी नैसर्गिक मृत्यूचा फायदा उठवणाऱ्या चोरालाही तितकीच शोभते; मृत्यू विषाने झाला हेच सिद्ध नाही. खरं सांगू? मला पहिल्या वाचनात बहुमत पटलं, दहा वर्षांनी न्या. सरकारांचं पटलं, आता पुन्हा बहुमतच पटतं. आमच्या सीनिअरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच वाचायला दिलं."

आता याच्या शेजारी पुण्याचाच दुसरा खटला ठेवा. १९८२ च्या जूनमध्ये एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. इथे विष सापडलं, पोटॅशियम सायनाइड. नवऱ्यावर खुनाचा आरोप. तिने आधी माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात होती. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. परिस्थितीजन्य पुराव्याची ज्याला आम्ही 'पंचशील' म्हणतो ती पाच तत्त्वं याच निकालातली. साखळीतली प्रत्येक कडी आधी स्वतंत्र, पूर्ण सिद्ध झाली पाहिजे; आणि साखळी अशी हवी की आरोपीने केलं याखेरीज दुसरा अर्थच निघू नये. सायनाइड आरोपीजवळ होतं हे सिद्ध झालेलं नव्हतं, आत्महत्येची शक्यता मिटलेली नव्हती. कॉलेजात दोन्ही निकाल वेगवेगळ्या तासांना शिकवतात. माझ्या मते ते एकत्र वाचल्याशिवाय त्यांचा अर्थच लागत नाही.

इथे माझी एक हार सांगतो, कारण दुसऱ्यांचे खटले सांगणं सोपं असतं. बांधावरून झालेला खून. आरोपीने उसाच्या फडातून कोयता काढून दिल्याचा पंचनामा होता. वेळ संध्याकाळी साडेसहा, ठिकाण घटनास्थळापासून दीड किलोमीटर. कोयत्यावर रक्त, विश्लेषकाचा अहवाल आमच्या बाजूने. मी निर्धास्त होतो. बचावाच्या वकिलाने पंचाला विचारलं, "कोयता कुठे बघितलात?" पंच म्हणाला, "ठाण्यात, साहेबांच्या टेबलावर. कागदात बांधलेला होता. मी सही केली, चहा घेतला." पुढचा प्रश्न तपासी अंमलदाराला, आणि हातात ठाण्याच्या जीपचं लॉगबुक. त्या दिवशी साडेपाच ते रात्री नऊ जीप तालुक्याच्या गावी यात्रेच्या बंदोबस्तावर. मग विचारलं, पाकिटावरच्या लाखेच्या सीलचा नमुना कुठे आहे? तो घेतलाच नव्हता. वीस मिनिटांत खटला संपला. त्या अधिकाऱ्याला योग्य माणूस सापडला होता, याबद्दल मला आजही शंका नाही. कोयताही बहुधा फडातच सापडला होता, सकाळी, पंच नसताना. संध्याकाळी त्याने कागद 'नीट' केला. मयताची आई कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून होती आणि तिला काय झालं ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते मला जमलं नाही.

जोशी-अभ्यंकरकडे वळतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून. करणारे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी : जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह. अंधार पडला की पुण्यातले रस्ते ओस पडायचे, लोक दार उघडायच्या आधी तीनदा नाव विचारायचे, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवतं. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत एकाच घरातले तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्यात पाच जण, त्यात संस्कृतचे मोठे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर. तपास सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्याकडे होता. महिनोन्महिने काही हाती लागत नव्हतं आणि शहर पोलिसांना शिव्या देत होतं.

मग २३ मार्च १९७७ ला या टोळीने ओळखीतल्याच एका मुलाला मारलं, नायलॉनच्या दोरीने प्रेत लोखंडी शिडीला बांधलं, दगड लावले आणि बंडगार्डनजवळ नदीत सोडलं. दुसऱ्याच दिवशी ते येरवड्याकडे वर आलं. आता तपासाला दोन गोष्टी मिळाल्या. मयत कुणाच्या ओळखीचा, शेवटचा कुणाला भेटला, हे शोधता येत होतं. आणि दोरी बांधायची पद्धत आधीच्या खुनांशी जुळत होती. मित्रांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले. प्रत्येकाची हकीकत थोडी वेगळी. त्यातला एकजण ढासळला, मग सुहास चांडक बोलला आणि माफीचा साक्षीदार झाला.

हे वाचताना "साक्षीदार मिळाला, संपलं" असं वाटतं. कोर्टात तिथूनच कामाला सुरुवात होते. माफीचा साक्षीदार म्हणजे स्वतःची मान वाचवायला दुसऱ्याची पुढे करणारा माणूस. महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र दुजोरा असल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये, असं कायद्यातच गृहीत धरलेलं आहे. म्हणून सारसबागेच्या तळ्यातलं ते पिंप इतकं मोलाचं. पहिला खून जानेवारी १९७६ चा, एका हॉटेलमालकाच्या मुलाचा, खंडणीसाठी. मुलगा घर सोडून गेला असं त्याच्याच हातची चिठ्ठी सांगत होती, म्हणून वर्षभर तो खून आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. प्रेत लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कजवळच्या त्या तळ्यात बुडवलं होतं. पिंप वर आलं तेव्हा चांडकच्या शब्दाला वजन आलं, कारण हे कुठल्याही पोलिसाला त्याला पढवता आलं नसतं; पोलिसांनाच ते ठाऊक नव्हतं. जबाब आधी आणि शोध नंतर, हा क्रम कागदावर निःसंशय दिसला पाहिजे. माझ्या कोयत्याच्या खटल्यात नेमका तोच उलटा झाला होता.

खटला १५ मे १९७८ ला सुरू झाला, २८ सप्टेंबरला न्या. बापट यांनी चौघांना फाशी सुनावली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात ती दिली गेली.

मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंड्यांबद्दलही लोक विचारतात म्हणून एवढंच : कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला त्यांनी ६ एप्रिल १९८६ ला गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात पकडलं ते धाडसाचं होतंच. पण त्यांनी त्याला १९७१ मध्ये मुंबईत आधी एकदा पकडलेलं होतं. चेहरा, चाल, सवयी ठाऊक होत्या. पुन्हा फियालोचीच गोष्ट.

आता तुमचे मामा. जुन्या अधिकाऱ्यांपैकी कोणी असता तर? गुन्हेगार ओळखण्यात त्याचा काही उपयोग झाला नसता, कारण ते तुमच्या गावाने आधीच केलं होतं. पहिल्या चार दिवसांत पंच खरे नेले गेले का, जप्तीचा कागद जागेवर लिहिला गेला का, साक्षीदाराचा जबाब दुसऱ्या दिवशी झाला की वीस दिवसांनी, इथे कदाचित फरक पडला असता. खटला कुठे तुटला हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र ते बघता येईल. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत घ्या. सुरुवातीची हकीकत सोडून द्या. निवेदन पंचनामा (आरोपीने 'काढून देतो' म्हटल्याची नोंद), पंचांची साक्ष, मुद्देमाल विश्लेषकाकडे कोणत्या तारखेला गेला आणि मधले दिवस तो कुठे होता, हे परिच्छेद पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्यक्षदर्शी फितूर झाला असेल तर त्याचा आधीचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर झाला होता का तेही बघा.

आणि एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. २००९ च्या अखेरीपासून निर्दोष मुक्ततेविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करता येतं, सरकार करो वा न करो; मयताचे कायदेशीर वारस त्यात येतात. म्हणजे मामी किंवा त्यांची मुलं. निर्दोष सुटलेल्याची बाजू अपिलात जास्त भक्कम असते, उच्च न्यायालय सहजासहजी निकाल फिरवत नाही, त्यामुळे खोटी आशा दाखवत नाही. पण वेळ वाढत गेली की उशिराचं कारणही द्यावं लागतं. नकलेचा अर्ज याच आठवड्यात टाका, आणि खटल्याचा क्रमांक माहीत नसेल तर ज्या ठाण्यात गुन्हा दाखल होता त्याचा गुन्हा रजिस्टर नंबर व वर्ष सोबत न्या. कारकून त्यावरून काढून देतो.